रेणवीला शिकवलं कुणी

गण

आम्ही मागचे. कोरस. शाहीर ओळ टाकते, आम्ही ती उचलतो. पत्रिकेवर आमची नावं नसतात, 'आणि सहकारी' एवढंच छापलेलं असतं. तर सहकारी सांगतायत, ऐका.

पालीचं मैदान. मंडप. रविवार, दुपार उतरायला लागलेली. जाखडीचा सामना, म्हणजे नाच, गाणं आणि सवाल-जवाब. शक्तीवाले विरुद्ध तुरेवाले. आम्ही शक्तीवाले. आमचं म्हणणं, आई मोठी. तुरेवाल्यांचं म्हणणं, शंकर मोठा. हे भांडण ढोलकीवर गाऊन मिटवायचं. म्हणजे मिटवायचं नाहीच, पुढच्या वर्षाला शिल्लक ठेवायचं.

त्यांचा शाहीर विनोद घाणेकर. पणजोबा शाहीर, आजा शाहीर, बापूस शाहीर, विनोद शाहीर. तो समोर आला की माइकसुद्धा जरा सरळ उभा राहतो.

आमची शाहीर निशिगंधा. मिरजोळ्याला एका कारखान्यात डिस्पॅचला बसते. वडील टेम्पो चालवतात. घरात कुणी आरतीसुद्धा सुरात म्हटलेली नाही. बरीच वर्षं ती आमच्यातच होती, डावीकडून दुसरी, झांज घेऊन. आमच्या जुन्या शाहिरांचा गळा बसला तेव्हा वस्ताद रावजींनी माइक तिच्या हातात दिला. एका सामन्यापुरता. हाच तो सामना.

मंडळाच्या बैठकीत ठरलेलं सगळ्यांना माहीत होतं. टिकली तर निशिगंधा शाहीर. हरली तर गुहागरहून एका शाहिराचा मुलगा आणायचा आणि निशिगंधानं झांज घेऊन परत मागं यायचं, आमच्यात.

ती आमच्यात आली असती तर आम्हाला बरंच वाटलं असतं. म्हणून तर स्वतःचीच भीती होती.


ग्रंथ

सवाल-जवाबाला ग्रंथाचा आधार लागतो. नुसतं गाऊन चालत नाही, कुठं लिहिलंय ते सांगावं लागतं. आणि एक नियम आहे, कुठंच न लिहिलेला: जो ग्रंथ तुम्ही मैदानात आणला तो मध्येच टाकता येत नाही. आणलात तर शेवटपर्यंत वागवायचा, लेकरासारखा.

यंदा आयोजकांनी टूम काढली. पुराणं पुरे झाली, नवा ग्रंथ घ्या. निशिगंधानं नाव सांगितलं, 'सातवी ओहोटी'. विनोदनं फोनवर चालेल म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की आम्ही तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

'सातवी ओहोटी' ही कादंबरी. जाडजूड. लिहिणारा हर्षद शेट्ये, मूळचा गुहागरचा, नोकरीला मुंबईत. पुस्तक सानिकानं विकत आणलं, ती आमच्यात उजवीकडून पहिली. मग ते आमच्या हातांतून फिरत राहिलं. कव्हर निघालं. पानांना तेलाचे डाग पडले.


नकाशा

काय देश उभा केला होता त्या माणसानं!

पहिलंच पान उघडलं की नकाशा. पण जमिनीचा नाही, समुद्राच्या तळाचा. सातव्या ओहोटीला पाणी एवढं मागं जातं की तळाचं शहर उघडं पडतं. तिथली घरं कालवांच्या शिंपल्यांची, त्यामुळे ऊन आलं की सगळी आळी आतून उजळते. वारा तिथं दोरीच्या गाठींत बांधून ठेवतात. एक गाठ सोडली की एका शिडापुरता वारा, जास्त नाही. मेलेल्या माणसाचा आवाज त्याच्या शंखात राहतो, आणि घरात वाद मिटेनासा झाला की शंख कानाला लावतात आणि आजोबांना विचारतात. आजोबा बहुतेक वेळा भलतंच काहीतरी सांगतात. बाजार पाण्याखाली मांडतात आणि भरती आली की तो तराजूसकट तरंगत वर येतो.

नितेश, आमचा ढोलकीवाला, कंपनीच्या बसमध्ये वाचायचा. दोनदा त्याचा स्टॉप मागं गेला.

आणि त्या देशाचा कायदा. पाण्याला हाक मारायची ती फक्त राजघराण्यानं. बाकीच्यांनी पाण्यासमोर तोंड उघडायचं नाही. होडीवालीसुद्धा मुकी वल्हवते. अशाच एका होडीवालीची पोर, नाव रेणवी. नावसुद्धा मासळीचं. ती हाक शिकते आणि राजाच्या धाकाला न जुमानता एका सकाळी बंदरावर उभी राहून ती मारते. आणि पाणी

येतं.

निशिगंधा इथं थांबली. बसचं तिकीट पानात खूण म्हणून घातलं, पुस्तक मिटलं, आणि गाणी बांधायला बसली.

यात तिची चूक नाही, वस्तादांची पद्धतच तशी. ग्रंथ वाचायचा तो माल मिळेपर्यंत. दाखला सापडला की मिटायचा. शेवट कशाला वाचायचा? रावण मरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. वस्ताद असेच वाचत आले, त्यांचे वस्ताद असेच वाचत आले. मग आम्हीही तिकिटापर्यंतच वाचलं, सगळ्यांनी. सानिकानंसुद्धा, जिनं पैसे मोजले होते.

नव्या कादंबरीचा शेवट कुणालाच ठाऊक नसतो, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

विनोदच्या आलं.


गवळण

चांगली झाली. वगळतो.


सवाल

निशिगंधानं गणातच रेणवीला आणलं होतं. गळा कुणाच्या बापाचा नसतो, असा सगळा सूर. होडीवालीच्या पोरीचं दर्यानं ऐकलं, मग टेम्पोवाल्याच्या पोरीचं पालीनं का ऐकू नये? मंडप खूश. पहिल्या रांगेत खांद्यावर शाल घेऊन स्वतः हर्षद शेट्ये बसला होता. आपल्या पुस्तकावर जाखडी होतेय हे कळल्यावर आयोजकांनी त्याला बोलावून घेतलं होतं. तो मान डोलवत होता. बायका मोबाईल वर धरून होत्या.

मग विनोद उठला. त्यानं फेटा नीट केला, ढोलकीवाल्याकडे पाहिलं आणि अगदी गोड आवाजात सुरुवात केली.

दर्या ऐके कुणाची हाक, सांग शक्तीवाल्या बाई,

(आम्ही मनात: रेणवीची. सांगितलं की मघाशीच.)

राजरक्तावाचून लाट पुढं सरकतच नाही!

(काहीतरीच.)

तुझ्याच ग्रंथी लिहिलं आहे, उघड शेवटचं पान,

(सानिकाची झांज चुकली.)

होडीवालीची पोर नव्हे ती, राजाचं संतान!

आता आम्ही मनातसुद्धा काही म्हटलं नाही. समोर निशिगंधाची पाठ होती. पाठीवरून काही कळत नव्हतं.

रक्तातच गाणं असतं, मग शिकण्याचं काय काम?
तुझ्या घरी शाहीर कोण? घे एकाचं तरी नाम!

तुरेवाल्यांचा कोरस ती शेवटची ओळ पुन्हा पुन्हा घेत राहिला. त्यांचे नाचणारे चाळ वाजवत आमच्या अंगावर येऊन परत जात होते. मग विनोदनं हात वर केला, ढोलकी थांबली, आणि तो पहिल्या रांगेकडे वळला. म्हणाला, उगाच मी काहीतरी रचून गातोय असं कुणाला वाटायला नको, लेखक इथं बसलेत, त्यांनाच विचारू. सर, रेणवी कुणाची मुलगी निघते?

हर्षद अर्धवट उठला. "म्हणजे, त्यामागं एक विचार आहे, की..."

"विचार राहू दे सर. कुणाची?"

"राजाची."

तो खाली बसला. शाल घसरली.

एवढंच नाही, विनोदनं पुढचंही सांगून टाकलं. पाळण्यातून हरवलेली राजकन्या. दंडावर जन्मखूण. म्हणूनच पाणी ऐकत होतं. शेवटी ती सिंहासनावर बसते आणि कायदा जिथल्या तिथं राहतो. पाण्याला हाक राजघराण्यानंच मारायची. होड्या मुक्याच.

तुमचाच ग्रंथ, विनोद म्हणाला, तुम्हीच आणलात. तो खरा असेल तर बाय, माइक ठेव आणि मागं जा.


मध्येच

तुरेवाल्यांचा नाच संपेपर्यंत वेळ असतो. तेवढाच.

निशिगंधा स्पीकरच्या खोक्यामागं येऊन बसली. सानिकानं पिशवीतून पुस्तक काढून दिलं. तिकीट बाजूला करून निशिगंधा शेवटची पानं वाचायला लागली, उभ्या उभ्या आम्हीही तिच्या डोक्यावरून वाचू लागलो, आणि आमचा जीव खरंच तुटला. सामन्यासाठी नाही. त्या देशासाठी. एवढं शहर बांधलं. शिंपल्यांच्या आळ्या, गाठींतला वारा, आणि शेवटी सगळं एका दंडावरच्या खुणेवर आणून टेकवलं. ज्या पोरीसाठी नितेशचा स्टॉप गेला होता तिला राजानं मिठी मारली आणि ती होडी विसरून गेली.

नितेश म्हणाला की हा हर्षद बाहेर पार्किंगमध्ये भेटला तर मला धरून ठेवा.

वस्ताद रावजी वाकून बसले. त्यांनी तिला सांगून पाहिलं की पुराणातला एक दाखला माझ्याकडे आहे, तो घे, रेणवीचं नावच काढू नको, लोक विसरतील. निशिगंधानं मान हलवली. नियम त्यांनीच शिकवला होता.

"माणूस खोटारडा आहे, वस्ताद."

"कोण, विनोद?"

"नाय. हा." तिनं पुस्तकावर बोट ठेवलं. "देश खरा लिहिलाय. शेवट खोटा लिहिलाय."

"मग दे टाकून त्याला."

"टाकता येत नाय. मीच आणलाय."

बाहेर चाळांचा वेग वाढला, म्हणजे शेवटचा फेर. निशिगंधानं शेवट सोडून दिला आणि पुस्तक पुढून उघडलं. भराभर पानं मागं-पुढं करू लागली. काय शोधतेस म्हणून सानिकानं विचारलं. ती म्हणाली, "देश जर खरा असेल ना, तर त्यात खोटं लपायचं नाय. कुठंतरी उघडं पडणारच."

आणि ते सापडलं. सुरुवातीलाच, आम्ही सगळ्यांनी वाचलेलं, कुणीही न पाहिलेलं.

होडी चिखलात रुतली आहे. लेखकाला तिथं चिखल दाखवायचा होता, दुसरं काही नाही. चिखल कसा निळा दिसतो, त्यात खेकड्यांची भोकं कशी बुडबुडतात, अर्धं पान नुसता चिखल. रेणवी तान्ही, मांडीवर, तापानं फणफणलेली. वैद्य पलीकडच्या काठाला. पाणी यायला अजून अवकाश. आजूबाजूला कुणी नाही. होडीवाली आई इकडं तिकडं बघते, पोरीला छातीशी धरते आणि तोंड उघडते. पुढच्या वाक्यात होडी तरंगते आहे. त्यानंतर लेखक लगेच वैद्याच्या घराचं वर्णन करायला निघून गेला आहे. दार कसलं, कडी कसली.

वस्तादांनी ते पान दोनदा वाचलं. मग निशिगंधाकडे बघितलं. "कडवी आहेत?"

"नाय."

"मग?"

"होतील," ती म्हणाली आणि उठली.


जवाब

ती माइकपाशी गेली, पण गायली नाही. आधी पहिल्या रांगेकडे पाहिलं. विनोदनं विचारलं तसंच तिनंही विचारलं.

"सर, रेणवी तान्ही असताना होडी रुतली होती. पाण्याला हाक कुणी मारली?"

हर्षदच्या चेहऱ्यावर आम्ही जे पाहिलं ते सांगणं कठीण आहे. स्वतःच्या घरात नवीन खोली सापडलेला माणूस असा दिसत असेल.

"तिच्या आईनं," तो म्हणाला.

"सख्ख्या?"

"नाही. होडीवाली. जिनं सांभाळलं ती."

निशिगंधानं नितेशला खूण केली. ढोलकीवर थाप पडली. आमच्याकडे कडवी नव्हती, पाठांतर नव्हतं, ती टाकेल ती ओळ उचलायची एवढंच.

राजाची लेक कबूल, कबूल शेवटचं पान,
पण बोलाया कुणी शिकविलं, कुणी दिलं तिला भान?

उचलली.

चिखलात रुतली होडी, तान्ही पोर मांडीवर,
आयनं मारली हाक तेव्हा पाणी आलं काठावर!

उचलली, आणि ह्या वेळी मंडपानंही उचलली. मागच्या खुर्च्यांवरून, बायकांकडून.

त्या आयच्या अंगी सांगा कुठल्या राजाचं रक्त?
दर्या नाव विचारत नाही, हाक ऐकतो फक्त!

आमचे नाचणारे आता थांबायला तयार नव्हते. धूळ कमरेपर्यंत आली होती. आणि इथं ती संपवू शकली असती, सवालाचा जवाब झाला होता, ग्रंथ आपल्या पायांवर उभा राहिला होता. पण विनोदनं तिच्या घरातलं नाव विचारलं होतं. ती त्याच्याकडे वळली.

पहिला शाहीर तुमच्या घरी, त्याचा बाप कुठं शाहीर?
त्याला शिकविलं कुणी ते करा माइकवरच जाहीर!

ढोलकी थांबली.

आता खरं सांगतो. ह्या सवालाला तुरेवाल्यांकडे तयार जवाब असतो. महादेवानं दिलं. डमरूतून विद्या पडली, पणजोबानं झेलली. कडवंसुद्धा बांधलेलं असतं, पिढीजात. त्यावर कुणाला काही बोलता येत नाही. निशिगंधाला विनोदच्या पणजोबाबद्दल काहीच ठाऊक नव्हतं, हे तिनं आम्हाला नंतर सांगितलं. पहिला कुणाकडून तरी शिकलाच असणार, एवढ्यावर ती गायली होती.

विनोदच्या ढोलकीवाल्यानं तेच कडवं धरलं. थाप ओळखीची होती. विनोद माइकपाशी आला. श्वास घेतला.

आणि ढोलकीवाल्याला हातानं थांबवलं.

समोर पालीची माणसं होती. त्याच्या गावाकडचीही. त्याच्या पणजोबाची गोष्ट तिथं निम्म्या लोकांना माहीत असावी, कारण काही म्हातारे आधीच एकमेकांकडे बघून हसायला लागले होते. विनोदनं ते पाहिलं. तो गायला नाही, नुसता बोलला.

"पणजोबाचं नाव भिकाजी. त्याचा बापूस मुका होता. भिकाजीला त्याच्या आयनं शिकवलं. भात लावताना. ती पुढं गायची, तो मागनं उचलायचा."

मग तो जरा हसला आणि म्हणाला, आता शक्तीवाल्यांना आणखी काय पाहिजे ते सांगा, फेटा काढून देऊ का?

मंडप फुटला. दुसरा शब्द नाही. खुर्च्या पडल्या, कुणीतरी स्पीकरला धडकलं, बायका पदर खोचून पुढं आल्या, आणि तुऱ्याची बाजू घ्यायला आलेली माणसंच आमच्या ओळी आमच्याआधी गायला लागली. त्यांच्या गावातल्या त्या बाईचं नाव कुणालाच सांगता आलं नाही. सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की ती गायची.


राहिलेलं

हर्षद शेट्ये मंडपामागं आला. नितेशला कुणी धरून ठेवावं लागलं नाही, त्यानंच त्याला चहा आणून दिला आणि नकाशाबद्दल तीन-चार शंका विचारल्या. बाजार तरंगत वर येतो तेव्हा तराजू कसे काय हलत नाहीत, वगैरे. हर्षदनं उत्तरं दिली, मनापासून. मग कप हातात धरूनच निशिगंधाला म्हणाला, "ते मी लिहिलंय. पण मी पाहिलं नव्हतं."

ती म्हणाली, तुमचा देश फार आवडला. खरंच आवडला. त्यात राहायला जावंसं वाटलं. शेवट मात्र पाडा, त्याचं एकही भिंताड ठेवू नका.

त्यानं मान डोलावली. पाडीन असं म्हणाला नाही. पण पुस्तक मागून घेतलं, सानिकाचं, तेलकट, कव्हर नसलेलं. चिखलाचं पान उघडून तिथंच, खोक्यावर बसून वाचू लागला. चहा गार झाला.

वस्ताद रावजी आमच्यापाशी आले. गुहागरला फोन केला का म्हणून सानिकानं खोचून विचारलं. "कशाला? पोरगं शिकतंय तिकडं, शिकू दे," ते म्हणाले. मग निशिगंधासमोर उभे राहिले, काहीतरी मोठं बोलतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त सांगितलं की पुढच्या वेळी ग्रंथ पुरा वाच. आणि मीही वाचीन.

मैदानात लोक उठायला तयार नव्हते. आयोजक माइकवर आभार मानत होते, ते कुणी ऐकत नव्हतं. अजून एक, अजून एक, सुरू झालं. निशिगंधानं आमच्याकडे पाहिलं. कार्यक्रम संपला होता. बांधलेलं सगळं गाऊन झालं होतं, आणि न बांधलेलंही. विनोद त्याच्या बाजूच्या स्टुलावर बसून शेंगदाणे खात होता. त्यानं हातानं खूण केली, जा, हो पुढं.

तिनं माइक घेतला आणि भिकाजीच्या आईवर गायला लागली. जिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं तिच्यावर. पहिली ओळ आली. दुसरी कुठं जाणार ते तिलाही माहीत नसावं, कारण ती डोळे मिटून होती. आम्हाला शब्द माहीत नव्हते, चाल माहीत नव्हती. चिखलात उभी राहून कुणीतरी पुढं गात होती.

आम्ही मागून उचललं.